स्कॅन झाल्यावर जुन्या विमानांची मूळ ड्रॉइंग ठेवायची की टाकायची?

कागदपत्री (धागाकर्ता):
२०१७ मध्ये वेल्समधल्या ब्रॉटनच्या एअरबस कारखान्यात, पाडायच्या बेतात असलेल्या एका इमारतीत डी हॅविलंड मॉस्किटो या दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी विमानाची २०,००० हून जास्त ड्रॉइंग सापडली. होती अ‍ॅपर्चर कार्डांवर, म्हणजे पंच कार्डाला खिडकी कापून तिच्यात बसवलेली ३५ मिमी फिल्मची एकेक चौकट. मॉस्किटो पुन्हा उडवू पाहणाऱ्या ब्रिटिश संस्थेला ती मिळाली. थोडा उशीर झाला असता तर डबरात गेली असती.

माझं म्हणणं ठाम आहे: स्कॅन झालं म्हणून मूळ प्रत टाकू नये. बहुतेक कार्डं निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन होतात. त्यात पेन्सिलीची पुसट दुरुस्ती आणि खोडलेला जुना आकडा नाहीसा होतो. स्कॅनची फाइल लहान करणाऱ्या जेबिग-२ दाबपद्धतीचा धोका आणखी मोठा. ती सारखे दिसणारे आकडे एकाच ठशाने भरते. २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही यंत्रांत ६ चा ८ होत असल्याचं उघड झालं होतं. भोकाच्या व्यासात असं झालं तर नजरेला काहीच खटकत नाही.

रिव्हेटवाला:
असहमत. आधी ‘मूळ’ म्हणजे काय ते ठरवा. कार्डावरची डायझो फिल्म (प्रकाशाने रंग उमटवून प्रती काढायची फिल्म) ही प्रतीची प्रत असते. अ‍ॅसिटेट फिल्म तर स्वतःच कुजते. तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, व्हिनेगरसारखा वास येतो, तेच आम्ल कुजण्याचा वेग वाढवतं आणि शेजारच्या डब्यातल्या फिल्मलाही बाधतं. अशा फिल्मसाठी वर्षानुवर्षं थंड खोली पोसण्यापेक्षा एकदाच नीट स्कॅन करा: ग्रेस्केल (करड्या छटांसकट), न दाबलेली टिफ चित्रफाइल, प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बिघडली का ते दाखवणारा आकडा), तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. मग फिल्म गेली तरी चालेल.

कागदपत्री:
कुजकी फिल्म वेगळी काढावीच, त्यात वाद नाही. आम्ल ओळखणाऱ्या रंगपट्ट्या डब्यात ठेवल्या की कोणती आधी स्कॅन करायची ते कळतं. पण तुमचा नियम सगळ्यांना लावू नका. ट्रेसिंग लिनन, म्हणजे खळ दिलेलं कापड, कोरडं ठेवलं तर उत्तम टिकतं. पाणी लागलं की खळ सुटते आणि कापड आटतं. निळ्या ब्ल्यूप्रिंटला अल्कधर्मी कागद चालत नाही, निळा रंग उडतो. ‘अ‍ॅसिड-फ्री’ म्हणून घेतलेल्या पाकिटांत बऱ्याचदा अल्क घातलेलं असतं, तिथेच चूक होते. डायझो प्रती मात्र वेगळ्या कप्प्यात हव्यात.

साचेकार:
दोघेही ड्रॉइंगला फार महत्त्व देताय. न्यूझीलंडमध्ये आर्डमोरहून २०१२ मध्ये केए११४ हा मॉस्किटो उडाला, तो मुख्यतः नव्याने घडवलेल्या साच्यांच्या जोरावर. बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा, असं विमानाचं धड दोन अर्ध्या भागांत साच्यावर घडतं. साचा चुकला तर ड्रॉइंगचा ढीग काय कामाचा? कागदावर पट्टी लावून वक्र काढणारे तर हमखास फसतात, कारण कागद दमटपणात फुगतो आणि फिल्मवर मापाचं प्रमाण बदलतं. लिहिलेली मापं आणि ऑर्डिनेटची (वक्रावरच्या बिंदूंच्या मापांची) कोष्टकं तेवढी खरी.

पंखतळ:
ती कोष्टकं कागदावरच असतात ना? मला मात्र ड्रॉइंगपेक्षा फेरबदलांचे कागद जास्त मोलाचे वाटतात. १९४४ मध्ये भारतातल्या मॉस्किटोंचे पंख हवेत निकामी झाले आणि विमानं जमिनीवर ठेवावी लागली. आधी दोष हवामानाला दिला. पुढच्या तपासात तसेच सदोष सांधे पावसाळा न पाहिलेल्या विमानांतही निघाले; चिकटवण्याचं काम कारखान्यातच कच्चं होतं. उपाय म्हणून पंखाच्या लांबीभर सांध्यावर प्लायवूडची पट्टी बसवून पाणी आत शिरायची वाट बंद केली. फक्त मूळ पंखाचं ड्रॉइंग जपलं तर ही पट्टी तुम्हाला दिसणारच नाही, आणि दिसली तरी ती का बसवली ते कळणार नाही.

धातूच्या विमानांतही तेच. अमेरिकी ड्रॉइंगवरचा ‘२४एसटी’ म्हणजे आजचा २०२४ क्रमांकाचा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू, हे कुठल्याही कोष्टकात मिळतं. पण ‘अमुक प्रोसेस स्पेकप्रमाणे (म्हणजे काम कसं करायचं ते सांगणाऱ्या नियमपत्राप्रमाणे) उष्णोपचार’ असं लिहिलेलं असलं आणि तो स्पेकच हरवलेला असला तर काम अडतं. २०२४ चे रिव्हेट उष्णोपचारानंतर बर्फपेटीत ठेवतात. बाहेर काढले की काही मिनिटांत ठोकायचे, नाहीतर कडक होऊन डोक्याला तडा जातो. हे सगळं त्या स्पेकमध्ये असतं, ड्रॉइंगवर नसतं.

खुलं कपाट:
जपून कुलुपात ठेवलेला कागद कुणाच्या उपयोगाचा? फेअरचाइल्ड एफ-४५ हे १९३० च्या दशकातलं विमान. त्याच्या मालकाने दुरुस्तीसाठी अमेरिकी विमान प्रशासनाकडे कागद मागितले, तर व्यापारी गुपित म्हणून नकार मिळाला. त्याच कागदांसाठी त्याच्या मित्राने केलेला दावा २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे २०१२ च्या कायद्याने १९२७ ते १९३९ मधल्या विमानांची अशी माहिती खुली झाली. इतकी वर्षं का लागावीत? सगळं नेटवर टाका.

रिव्हेटवाला:
टाका, पण सूचीसकट. ड्रॉइंग क्रमांक, पान, इश्यूचं (सुधारित आवृत्तीचं) अक्षर आणि लागू असलेले विमान-क्रमांक या चार रकान्यांशिवाय टाकलेलं ड्रॉइंग घातक आहे. लोक इश्यू ‘सी’ उतरवून घेतात आणि भाग असतो इश्यू ‘एफ’चा. पंखतळ म्हणतात तो फेरबदलाचा कागद त्याच ओळीला जोडलेला हवा. कुजक्या फिल्मबद्दल मत बदलत नाही. लिनन आणि हाताने दुरुस्त केलेल्या प्रती ठेवा, हे मान्य.