मदत हवी आहे: व्हीगन पिकल डिपला पाणी सुटतंय

मंडळी, दही-मेयोनीज न घालता व्हिनेगरमधल्या काकडीचं डिप करतेय. भिजवलेले काजू, थोडा सिल्कन टोफू (सोया दुधाचं अगदी मऊ पनीर), लसूण आणि बरणीतलंच आंबट पाणी एकत्र वाटते. चिरलेली काकडी आणि शेपू शेवटी. चव झकास! पण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की पाणी सुटतं. काकडी घट्ट पिळून घातली तरी थोडं सुटतंच. काजू वाढवले तर घट्ट होतं, पण मग तेवढी चरबीही वाढते, हेल्दी कसलं म्हणायचं? काजूऐवजी उकडलेला पांढरा राजमा कोणी वापरलाय का? पिठूळ लागतो का? शिवाय वरून मीठ न घालताही खारट होतं. बरणीतल्या पाण्याऐवजी लिंबू आणि साधं व्हिनेगर घातलं, तर ती पिकलची चव टिकेल का?