तुइना म्हणजे मॉलमधला फूट मसाज नव्हे!

शांघायवारी:
परवा इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, "तुइना म्हणजे फूट मसाजला दिलेलं भारदस्त नाव. चीनमध्येही शहाणा माणूस त्याला उपचार मानत नाही." दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

तुइना म्हणजे चिनी वैद्यकातली हाताने दाबून, लाटून करायची उपचारपद्धती. मी शांघायला राहते. इथे चिनी वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयांत तुइनाचा वेगळा विभाग असतो. नंबर लावायचा, आत गेलं की डॉक्टर एमआरआय बघतात, हात कुठवर उचलतो ते तपासतात, मग पालथं झोपवतात. तेल नाही, उदबत्ती नाही, बासरी नाही. कपड्यांवर पांढरं सुती फडकं टाकायचं आणि काम सुरू. करंगळीकडची हाताची कड पाठीवर टेकवून मनगट मागेपुढे लाटत राहतात, मिनिटाला शंभराच्या वर वेळा, आणि दाब कुठेही सुटत नाही. ही 'गुन' पद्धत डिंग जिफेंग यांनी १९४० च्या दशकात बसवली. विद्यार्थी आधी तांदळाच्या पिशवीवर हात घोटतात, माणसाला हात लावायची पाळी फार नंतर येते. १९५६ पासून शांघायमध्ये याचं रीतसर शिक्षण मिळतं, आता पाच वर्षांची पदवी आहे. परंपरा म्हणाल तर तांग राजवटीच्या राजवैद्यकीय खात्यातसुद्धा मालिशीचे अध्यापक नेमलेले होते.

माझा खांदा आखडला होता, वेणी घालता येत नव्हती. इथल्या डॉक्टरांनी झोप, पोट, पाळी, सगळं विचारलं. नुसत्या खांद्याकडे बघितलं नाही, माणसाकडे बघितलं. आज हात वर जातो.

मणका:
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून लिहितो. आखडलेला खांदा बऱ्याचदा दीड-दोन वर्षांत आपला आपण सुटतो आणि श्रेय शेवटी ज्याच्याकडे गेलात त्याला मिळतं. पाच वर्षांची पदवी हा पुरावा नाही, आपल्याकडे होमिओपॅथीची साडेपाच वर्षांची आहे. चिनी वैद्यक ज्या 'ची' नावाच्या प्राणशक्तीबद्दल बोलतं, तिच्या वाहिन्या आजवर शवविच्छेदनात कुणाला सापडलेल्या नाहीत. आणि तुइनात मानेला झटका देतात त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. त्या झटक्याने मानेतली धमनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतो, पण धडधाकट तरुणांनाही होतो.

शांघायवारी:
'ची'चं नावही मी काढलेलं नाही, ते तुम्ही माझ्या तोंडी घालताय. पुरावाच हवा ना? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मालिश 'करा'च्या यादीत आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कमर ताणून धरणं, 'सरसकट देऊ नका'च्या यादीत आहेत. आता सांगा, तुमच्या क्लिनिकात ट्रॅक्शनचं टेबल आहे की नाही?

मणका:
आहे. वापर कमी केलाय. आणि ती शिफारस सशर्त आहे, पुरावा कमकुवत आहे असं त्यांनीच म्हटलंय, तेही वाचा. पट्ट्याबद्दल मात्र तुमच्याशी भांडणार नाही. शेजाऱ्याने घेतला म्हणून पट्टा आणणारे, तो बांधून वर्षानुवर्षं पलंगावर बसणारे पेशंट बघून जीव मेटाकुटीला येतो.

आडगावचा:
तुम्हा दोघांनाही घरचं सोडून बाहेरचंच गोड लागतं. आपल्याकडे अभ्यंग आहे, बाळंतिणीला आणि बाळाला चोळायला येणाऱ्या मावशी आहेत. माझी तिन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांना कुणी पदवी दिली का? चीनचं एवढं कौतुक कशाला? सोलापूरचे डॉ. कोटणीस तिकडे शस्त्रक्रिया करायला गेले होते, मालिश शिकायला नाही.

वाटसरू:
कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बसू १९५० च्या दशकाअखेरीस पुन्हा चीनला गेले आणि ॲक्युपंक्चर शिकून आले. तेव्हा कोटणीसांचं नाव इथे वापरू नका.

मला वेगळंच सांगायचंय. चेंगडूला कामानिमित्त असताना मी अंध मालिशकारांकडे जायचो. त्यांची बोटं गाठीवर अशी नेमकी थांबायची की कुठे दुखतंय हे सांगावंच लागायचं नाही. चीनने हजारो दृष्टिहीनांना हा धंदा शिकवून स्वतःच्या पायावर उभं केलं. आपल्याकडे का होत नाही?

मृद्गंध:
कारण दृष्टिहीन म्हणजे अमुकच काम, हे ठरवणारे तुम्ही कोण? माझा धाकटा भाऊ जन्मापासून पाहू शकत नाही. आईला नातेवाईक सांगायचे, खुर्च्या विणायला घाला, खडू करायला घाला. तो आज बँकेत अधिकारी आहे. तुमच्या लाडक्या चीनमध्ये विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेची ब्रेल प्रश्नपत्रिका पहिल्यांदा कधी मिळाली माहीत आहे? २०१४ साली! तोवर हुशार मुलांनीही काय करायचं, तर लोकांच्या पाठी चेपायच्या.

वाटसरू:
भावाचं कौतुकच आहे. पण सगळ्यांना बँक मिळत नाही. लोकलमध्ये पेनं विकणाऱ्यांना विचारा, हातात कसब आणि महिन्याचा पगार मिळाला तर नको म्हणतील का?

मृद्गंध:
नको म्हणणार नाहीत, बरोबर. दुसरं दारच उघडं नसेल तर कोण नको म्हणेल? आणि 'बोटं नेमकी थांबतात' हे कौतुक मला सहन होत नाही. माझ्या भावाला कसलीही दैवी शक्ती नाही. त्या मालिशकारांनीही सरावच केलाय, डोळस विद्यार्थ्यांनी पिशवीवर केला तसाच. त्या सरावाचं श्रेय त्यांच्या अंधत्वाला देऊ नका.

वाटसरू:
सरावाचं म्हणणं मान्य. बाकी तुमचा सूर विनाकारण चढा आहे.

मृद्गंध:
लहानपणापासून तेच सल्ले ऐकले असते तर तुमचाही चढला असता.

मणका:
मूळ विषयावर या. मालिशीने स्नायू सैल होतात, दुखणं काही काळ उतरतं, झोप लागते आणि त्या अवधीत पेशंटला व्यायाम करवता येतो. इतकं देतो. साखर आणि थायरॉईड मालिशीने सुटतात म्हणणाऱ्यांना एक इंचही देणार नाही. मानेचं उत्तर अजून आलेलं नाही.

शांघायवारी:
साखर-थायरॉईड माझ्या लेखात कुठे दिसलं? मानेचं विचारताय तर ऐका. झटक्याची ती 'बान' पद्धत मानेवर नको, असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि डॉक्टरांनी निमूट मानलं. माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना मी हेच सांगते. पण त्या एका झटक्यापायी अख्खा विभाग मोडीत काढायचा असेल, तर आधी आपल्याकडे हाडवैद्यासमोर रांग लावणाऱ्यांना जाऊन अडवा. तिथे एक्स-रेसुद्धा कुणी बघत नाही.