एमजीएमटीचा २००५ चा 'टाइम टू प्रिटेंड' ईपी: अल्बम पाठ झालाय, तरी ऐकावा का?

रात्रपाळी

मी एमजीएमटी या अमेरिकन बँडकडे त्यांच्या 'लिटल डार्क एज' गाण्याच्या रील्समुळे आले, मग मागे मागे जात 'ओरॅक्युलर स्पेक्टॅक्युलर' हा त्यांचा अल्बम सापडला आणि तेव्हापासून दुसरं काही लावलेलंच नाहीये. आता कळलं की त्याच्याही आधी २००५ ला त्यांचा सहा गाण्यांचा एक ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, आलेला, 'टाइम टू प्रिटेंड'. त्यातली 'टाइम टू प्रिटेंड' आणि 'किड्स' ही दोन्ही गाणी नंतर अल्बमवर परत आहेत. मी ईपीवालं 'टाइम टू प्रिटेंड' अर्धं ऐकून थांबले, कारण अल्बमवर तो आवाज कसा अंगावर येतो, इथे सगळं बारीक, खोलीतल्या खोलीत वाजवल्यासारखं. हा फक्त कच्चा खर्डा आहे की यात वेगळं काही आहे?

विचारायचं अजून एक कारण म्हणजे मी आणि माझी मैत्रीण लॅपटॉपवर गाणी करतो, चार झालीयेत. ती म्हणते नीट स्टुडिओत रेकॉर्ड होईपर्यंत कुठेच टाकायची नाहीत. मला आत्ताच टाकायचीयेत.

मोनोमिक्स

खर्डा अजिबात नाहीये. गाण्यात काय चाललंय ते बघ ना, दोन पोरं ठरवतायत की आपण मोठे रॉकस्टार होणार, पॅरिस, मॉडेल बायका, ड्रग्ज, मग घटस्फोट, आणि शेवटी उलटीत गुदमरून मरायचं, सगळं आधीच लिहून ठेवलंय. आणि गाताना हे दोघं कोण आहेत? अँड्र्यू व्हॅनविनगार्डन आणि बेन गोल्डवॉसर, कनेक्टिकटच्या वेस्लियन युनिव्हर्सिटीत भेटलेली, नुकतंच कॉलेज संपलेली मुलं. ईपी काढला कँटोरा रेकॉर्ड्सने, ते लेबल पण न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनीच सुरू केलेलं. म्हणजे यातल्या कुणाकडेच काही नव्हतं. त्या बारीक कीबोर्डवर ते 'आपण आता सोंग करू' म्हणतात तेव्हा ते सोंग खरंच सोंग वाटतं, पोरं घरातल्या चादरी पांघरून राजा-राजा खेळतात तसं.

२००६ ला कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना साइन केलं, मग तेच गाणं मोठ्या पैशात परत रेकॉर्ड झालं आणि तोपर्यंत गाण्यातलं निम्मं खरं व्हायला लागलं होतं. दोन्ही व्हर्जन्समध्ये शब्द तेच आहेत गं, पण बोलणाऱ्या माणसाची परिस्थिती बदललीये. मधे ते म्हणतात ना की खेळायच्या मैदानाची आठवण येईल, माती उकरून गांडुळं काढायची आठवण येईल, आई, बहीण, कुत्रा, घर, ते कडवं मला ईपीवरच जास्त लागतं, कारण ते घर अजून सुटलेलंच नाहीये त्यांचं.

ताशा_ते_ड्रममशीन

मोनोमिक्स, लिहिलंस भारी पण मला नाही पटत. गाणं शेवटी कानाने ऐकतो आपण, बँडची कुंडली मांडून नाही. अल्बमचा प्रोड्यूसर डेव्ह फ्रिडमन, फ्लेमिंग लिप्स आणि मर्क्युरी रेव्ह या बँड्सवालाच, आणि त्याचे ड्रम्स म्हणजे मुद्दाम इतके पुढे ढकललेले असतात की कडेने फाटतात. 'टाइम टू प्रिटेंड'ला तेच हवं होतं. सोंगच करायचं तर मुकुट, दागिने सगळं घालून करा ना! सिंथेसायझरवरची ती परत परत येणारी धून आणि खालून ते फाटलेले ड्रम्स आले की गाण्यातली सगळी हाव ऐकू येते, ईपीवर ती नुसती कागदावर राहते.

'किड्स'चं मात्र उलटं आहे. यूट्यूबवर वेस्लियनमधला २००३ चा व्हिडिओ आहे, कॅम्पसवर मोकळ्या जागेत, मागे ट्रॅक चालू आणि हे दोघं माइक घेऊन गातायत, नाचतायत. ते गाणं तिथलं आहे, त्या उन्हातलं, त्या पोरांमधलं. ईपीवर त्याचं नावच 'किड्स (आफ्टरस्कूल डान्स मेगामिक्स)' असं आहे, शाळा सुटल्यावरचा नाच. अल्बमवर ते चकचकीत झालं, जगभर वाजलं, चांगलंच झालं, पण मी घरी लावतो तेव्हा ईपीवालंच लावतो.

रात्रपाळी, तुमच्या गाण्यांबद्दल: ती ऐकल्याशिवाय कोण काय सांगणार. तुमच्यातलं कुठलं गाणं 'टाइम' आहे आणि कुठलं 'किड्स', ते आधी बघा. काहींना स्टुडिओ लागतो आणि काहींचा त्याने जीव जातो.

जुनाएमपीथ्री

सगळे दोनच गाण्यांवर भांडतायत, उरलेली चार कुणी ऐकलीत का? 'बूगी डाउन', 'डिस्ट्रोक', 'लव्ह ऑल्वेज रिमेन्स', 'इंडी रॉकर्स'. यातलं एकही 'ओरॅक्युलर'वर नाहीये! ईपी ऐकायचं खरं कारण हे आहे. 'लव्ह ऑल्वेज रिमेन्स' चांगलं लांब आहे, मधे कुठेतरी दुसरंच गाणं असल्यासारखं वळतं, आणि २०१० ला त्यांचा पुढचा अल्बम 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स' आल्यावर लोक म्हणाले ना की यांनी हिट पॉप सोडून हे सायकेडेलिक काय मधेच काढलं, त्या लोकांनी हे गाणं ऐकलं असतं तर एवढे दचकले नसते. ती खोड पहिल्यापासूनच होती.

'इंडी रॉकर्स' मला सगळ्यात जवळचं. नाव वाचून चेष्टा वाटते पण गाणं हळवं आहे, पहिल्या दोन ओळींतच आपलंसं करतं. मोठ्या अल्बममध्ये ते हरवलं असतं. सहाच गाणी असतात तेव्हा असं गाणं लपत नाही, शेजारच्या गाण्याशी त्याचं नीट नातं लागतं. ईपीची मजा मला त्यातच वाटते. अल्बममध्ये दोन-तीन भरतीची गाणी खपून जातात, इथे एक जरी पडेल असलं तरी सगळ्या ईपीचा तोल जातो.

म्हणून तुम्हाला सांगेन, चार आहेत ना, चार टाका. पाचवं ओढूनताणून करू नका. आणि मैत्रिणीला सांगा की एमजीएमटीने तीच गाणी दोन वर्षांनी परत रेकॉर्ड केली आणि कुणी त्यांना अडवलं नाही. आधी साधं टाकलं म्हणून पुढचा दरवाजा बंद होत नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार, आज ओळीने सहाही गाणी ऐकली, मधे न थांबता. 'टाइम'च्या बाबतीत मी अजून ताशाच्याच बाजूने आहे, मला ते फाटलेले ड्रम्स पाहिजेतच. पण मोनोमिक्सने सांगितलेलं ते गांडुळांचं कडवं ईपीवर खरंच वेगळं लागतं, तिथे गळा भरून आला. आणि 'लव्ह ऑल्वेज रिमेन्स' इतके दिवस कुणी मला का नाही ऐकवलं!! मैत्रिणीला पण तेच पाठवलंय, जुनाएमपीथ्रीचं शेवटचं वाक्य खाली चिकटवून. तिचं उत्तर आलं की तीन गाणी टाकू, चौथ्यातला माझा आवाज परत रेकॉर्ड करायचा.

ताशा_ते_ड्रममशीन

तीन तर तीन. लिंक इथेच टाका.