मदत हवी आहे: जर्दाळूला पाच वर्षांत एक फूल नाही

मागीलदार: जर्दाळूचं झाड पाच वर्षांचं झालं, पार डोक्यावर गेलंय पण फूल म्हणून नाही. शेणखत झालं, छाटणी झाली. आईने लेहहून आल्यावर स्वतः लावलंय, तिला एकदा तरी फळ दाखवायचंय. काय घालू ते पटकन सांगा प्लीज

हापूसवाला: कल्टार घाला, आंब्याला मोहोरासाठी देतात ते औषध. आमची न धरणारी कलमं त्यानेच धरली

कातळावरचा: अहो आधी गाव सांगा. कलम आहे की बी लावलीय? थंडीत पानं गळतात का?

मागीलदार: गुहागर, समुद्र दहा मिनिटांवर. जातबीत माहीत नाही

सड्यावरून: जर्दाळू आंबा ना? भागलपूरचा, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय त्याला. हापूसच्या बागेत दोन कलमं लावून बघायला हरकत नाही

मागीलदार: आंबा नाही हो, सुकामेव्यातला जर्दाळू!! बी लावली होती. पानं एकदम गळत नाहीत, जानेवारीत अर्धी पिवळी होऊन लोंबत असतात आणि त्याच फांदीच्या टोकाला नवीन कोवळी फुटलेली

कातळावरचा: मग उत्तर त्यातच आहे. या झाडाला हिवाळ्यात झोप लागते, साधारण ७ डिग्रीच्या खाली कित्येकशे तास, त्याशिवाय फुलाचे डोळे नीट फुटत नाहीत. लेहची झाडं तर कडक थंडीतली, आणि आपल्याकडे पहाटेचा पारा १५ पर्यंत आला तरी आपण शाल काढतो. कल्टार शेंड्याची वाढ रोखतं, थंडी कुठून आणणार?

हापूसवाला: सगळं थंडीवर ढकलू नका. हिमाचलात बिलासपूरला एचआरएमएन-९९ सफरचंद गरम हवेत लागतंच ना

कातळावरचा: ती कमी थंडीत फळणारी म्हणून निवडलेली जात आहे दादा, आणि कलमं लावतात. हे बीचं रोप, तेही लेहचं. मागीलदार, खोडाला काही दिसतंय का? पावसानंतर मुद्दाम बघा

मागीलदार: हो, विचारलंत म्हणून आत्ता जाऊन बघितलं. खाली जिथे दोरी बांधली होती तिथे मधासारखे गोळे आलेत, बोटाला चिकटतात, खालची साल काळी आणि ओली

पाटपाणी_ताई: हा डिंक बाळंतिणीच्या लाडवात चालेल का?

कातळावरचा: नको ताई, लाडवाला बाभळीचा नाहीतर धावड्याचा घ्या. मागीलदार, फुलाचं राहू दे, आधी झाड वाचवा. आळ्यात पाणी साचत असणार, आळं मोडून बुंध्याकडे माती उंच करा आणि एका बाजूने चर काढून द्या. शेणखत बुंध्याला टेकवू नका. दोरी तर आजच सोडा

मागीलदार: आणि साल? बोर्डो लावू का? पाऊस अजून आहे इथे

कातळावरचा: चार दिवस उघडीप मिळू दे. धारदार सुरीने काळी साल चांगला भाग लागेपर्यंत काढा, मग बोर्डोची पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नको. तुम्हाला याच्या पाव हिश्शातही भागेल

मागीलदार: दोरी सोडली. सालीत रुतली होती हो पूर्ण. आईला फुलाचं अजून सांगितलं नाहीये