घारापुरी सहल – निघायचं किती वाजता?

सेक्रेटरी: नमस्कार. मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे सहल घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला. गेटवेपासून जेमतेम 10-11 किमी. अकराची बोट, दोनपर्यंत परत. नावं आजच द्या. रविवारी मेगाब्लॉक, म्हणून सोमवारी जाऊ.

बी-402: सोमवारी लेणी बंद असतात साहेब. आणि दोनपर्यंत परत कसे? जायला तास, यायला तास, वर 120 पायऱ्या. अष्टविनायकालाही "संध्याकाळी घरी" होतं. पोचलो रात्री दीडला.

सेक्रेटरी: तो उशीर बसवाल्यामुळे झाला. तेव्हाच खुलासा केला होता.

ए-103: प्रत्येकाला लाईफ जॅकेट मिळणार का?

सी-201: 11 किमीला तास? माझी स्कूटर वीस मिनिटांत नेईल 😀

बी-402: न्या की. फक्त परत आल्यावर स्वतःच्या जागेवर लावा.

सी-201: वहिनी, तो विषय एजीएममध्ये संपला.

बी-402: तुमच्यापुरता संपला.

ए-103: लाईफ जॅकेटचं कुणी सांगेल का? 18 डिसेंबर 2024 ला नौदलाची स्पीडबोट एलिफंटाच्याच बोटीवर आदळली होती. माणसं गेली.

डी-304: माझं माहेर उरणचं, म्हणून सांगते. समुद्रात किलोमीटर धरून चालत नाही. लाकडी बोटी सावकाश जातात, भरल्याशिवाय सुटत नाहीत. गेटवेला बोटीला बोट लावलेली असते, खलाशाचा हात धरून एकीतून दुसरीत पाय टाकायचा. आपल्या आजी-आजोबांना चढवण्यातच किती वेळ जाईल! आणि घारापुरी मुंबईत नाही हो, रायगडात येते, उरण तालुक्यात. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर, तिन्ही गावांत माणसं राहतात. समोर मुंबई झगमगते, पण समुद्राखालून केबल टाकून त्यांच्याकडे कायमची वीज आली 2018 साली. रात्री कुणी आजारी पडलं तर आधी बोट शोधायची. आपण एक दिवस जाणार, तर दुपारी तिथल्या बायकांच्या हातचं जेवून तरी येऊ.

बी-402: काकू 🙏 अगदी बरोबर.

सेक्रेटरी: माहिती चांगली आहे. पण सगळ्यांना दिवसभर वेळ नसतो.

बी-402: ज्यांना नाही त्यांनी नाव देऊ नये. आमचा आग्रह नाही.

सी-201: गुडघेदुखीवाल्यांचं काय? आईला त्रिमूर्ती बघायचीच आहे.

डी-304: जेट्टीवरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते. पायऱ्यांना डोली मिळते. भाव आधी ठरवायचा.

ए-103: तिसऱ्यांदा विचारतोय. लाईफ जॅकेट?

सेक्रेटरी: दादा, बोटीवर असतात. मी स्वतः सगळ्यांना घालायला लावीन, तोवर बोट सोडू देणार नाही.

ए-103: आभारी आहे. बाबांना पोहता येत नाही, म्हणून मागे लागलो.

सेक्रेटरी: ठीक. सोमवार रद्द, शनिवारी जाऊ. डोंबिवलीहून सातच्या आत फास्ट लोकल, नऊच्या सुमाराची बोट. परतीला चारची धरू, शेवटच्या बोटीवर कुणी विसंबू नये. जेवण तिथेच.

बी-105: जैन जेवण मिळेल ना?