कारखाना आधी होता की घर? डोंबिवलीतल्या स्फोटांची जबाबदारी कुणाची

मोगरा:
२३ मे २०२४ च्या दुपारी डोंबिवली एमआयडीसीच्या फेज २ मध्ये रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा मी कुकर उतरवत होते. पहिल्यांदा वाटलं, कुकरच फुटला. मग बाहेरच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. गॅलरीची अख्खी काच आत येऊन त्यांच्या खुर्चीपाशी पडली होती. आमचं घर तिथून चांगलं किलोमीटरभर लांब आहे. दहाहून जास्त माणसं गेली. काहींची ओळख डीएनए चाचणीवरून पटवावी लागली. आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. २६ मे २०१६ ला याच फेजमध्ये दुसऱ्या एका कारखान्यात असाच स्फोट होऊन बारा जण गेले होते. आमच्या काचा तेव्हाही फुटल्या होत्या. मधल्या काळात, २०२० साली, इथला रस्ता रसायनांमुळे गुलाबी झालेला सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिला.

दर वेळी दोन दिवसांनी एक वाक्य ऐकू येतं, "कारखाने आधीपासून होते, तुम्ही कशाला आलात तिथे राहायला?" ते मला फार लागतं. इथला निवासी विभाग काही आम्ही रात्रीतून झोपड्या टाकून वसवलेला नाही, तो एमआयडीसीच्याच आराखड्यात आहे. सासऱ्यांनी नोकरीतून साठवलेल्या पैशांत रीतसर कागदपत्रं करून घर घेतलं. पलीकडच्या शेडमध्ये काय साठवलंय, किती साठवलंय, ते पेटलं तर आम्ही खिडक्या लावून घरात बसायचं की बाहेर पळायचं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. २०१६ नंतर मी एका कचेरीत जाऊन विचारलं होतं. "कंपनीची गोपनीय माहिती आहे" म्हणून परत पाठवलं.

मला वाटतं जबाबदारी पहिली कंपनीची, आणि तिच्या खालोखाल माहिती दडवणाऱ्यांची. राहणाऱ्यांची नाही. तुम्हाला काय वाटतं?

भट्टीवाला:
ताई, तुमच्या सासूबाई वाचल्या, देवाची कृपा. तरीही माझी बाजू मांडतो, कारण ती मांडायला कुणी पुढे येत नाही. वडिलांनी सत्तरच्या दशकात इथे प्लॉट घेतला तेव्हा मागच्या बाजूला भातशेती होती. पावसाळ्यात बेडूक ओरडायचे ते शेडमध्ये ऐकू यायचे. आज त्याच कंपाउंडला लागून सात मजली इमारत उभी आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची वस्ती जवळजवळ साडेबारा लाख झाली होती. या इमारतींना परवानगी मी दिली नाही. नकाशावर ज्यांनी सह्या केल्या, त्यांचं नाव कुठल्याच गुन्ह्यात येत नाही.

स्फोट एका कारखान्यात होतो आणि त्यानंतर नोटिसा सगळ्यांना येतात. माझ्याकडे रसायनं थंड ठेवणाऱ्या चिलरला स्वतंत्र जनरेटर आहे, रप्चर डिस्क, म्हणजे दाब वाढला की आधी फुटणारी चकती, दर वर्षी बदलतो, मालकाच्या नात्याने मी स्वतः त्याच शेडच्या वर बसतो. आणि कारखाने इथून हलवा असं लोक म्हणतात, तर कुठे? पाताळगंगेला, महाडला? तिथे माणसं राहत नाहीत का? महाडच्या एमआयडीसीत नोव्हेंबर २०२३ मध्ये स्फोट आणि आग होऊन कामगार गेलेच ना? डोंबिवलीच्या मतदारांपासून लांब नेल्याने धोका कमी होत नाही, तो गावकऱ्यांच्या वाट्याला जातो.

फ्लॅट ७०२:
मला भट्टीवाल्यांचं पटतं. मी स्वतः एमआयडीसीजवळ घर घेतलं ते तिथे दर कमी होता म्हणून. संध्याकाळी उग्र वास येतो हे घर बघायला गेलो तेव्हाच कळलं होतं, तरी सही केली. आता स्फोट झाल्यावर मला काहीच माहीत नव्हतं असं म्हणणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. कंपनीची चूक असेल तर शिक्षा व्हावीच. पण स्वस्तात घेताना आपणही काहीतरी पत्करलेलं असतं.

मोगरा:
वास पत्करलात, मान्य. पण छप्पर उडेल हे पत्करलं होतं का? वासावरून आत पेरॉक्साइडसारखं स्फोट होणारं रसायन आहे की रंग, हे तुम्हाला कळलं होतं?

आणि ज्यांना निवडच नव्हती त्यांचं काय? मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबांना माहुलला पाठवलं, रिफायनऱ्यांच्या कुशीत. लोकांना दमा, त्वचेचे विकार झाले. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की यांना दुसरी घरं द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं द्या. त्यांनी कुठला कमी दर बघून सही केली होती?

श्यामला हिल्स:
आमचं घराणं तीन पिढ्या भोपाळमध्ये. "तुम्ही कशाला आलात राहायला" हे इथल्या जयप्रकाशनगरच्या लोकांनाही ऐकवलं गेलं. ती वस्ती युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्याच्या फाटकासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरलं आणि सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू हवेत गेला. माझी आत्या तेव्हा शहरात होती. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. लोक वाऱ्याच्या दिशेने पळाले, म्हणजे वायूबरोबरच पळाले, आणि धापा टाकत तोच वायू छातीभर ओढत गेले. तोंडावर ओलं फडकं धरून वाऱ्याला आडवं जायचं, एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर कितीतरी माणसं वाचली असती. मोगराताई जे विचारताहेत ते हेच आहे.

कायद्याचं म्हणाल तर या प्रश्नाचं उत्तर देऊन झालेलं आहे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियमची, म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्लाची, गळती झाली. त्या खटल्यात १९८६ साली सरन्यायाधीश भगवतींच्या खंडपीठाने निरपेक्ष दायित्वाचं तत्त्व सांगितलं. धोकादायक धंदा करून नफा कमावता ना, मग त्यातून इजा झाली की भरपाई द्यायचीच. काळजी घेतली होती, कामगाराने चूक केली, कुणीतरी घातपात केला, यातलं एकही कारण चालणार नाही. आणि कंपनी जेवढी मोठी, तेवढी भरपाई जास्त. पुढे १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ब आलं. भोगवटादाराने, म्हणजे कारखाना चालवणाऱ्याने, धोक्यांची आणि उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या लोकांना द्यायचीच, असं त्यात म्हटलं. तेव्हा ताई, तुम्हाला "गोपनीय" म्हणून परत पाठवणारा माणूस चुकत होता.

भट्टीवाला:
तत्त्व उत्तम आहे. पण पैसे कुठून येणार ते कुणी सांगत नाही. भोपाळमध्ये एवढी मोठी परदेशी कंपनी होती, तरी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर मिटलं. २०१० मध्ये सात जणांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. वाढीव भरपाईची याचिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. मग माझ्यासारख्या पंचवीस माणसांच्या युनिटकडून काय वसूल होणार? शेड गेली की मी संपलो. सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ मध्ये आला, त्यात मृत्यूला पंचवीस हजार रुपये लिहिले होते. निरपेक्ष दायित्व कागदावर टाकून सरकार हात झटकून मोकळं झालं आहे. मी म्हणतो, ज्यांनी बांधकामाला परवानगी दिली, ज्यांनी इमारती विकल्या, त्यांनीही या भांड्यात पैसे टाकावेत.

श्यामला हिल्स:
भोपाळमध्ये भरपाई तुटपुंजी मिळाली, ती तत्त्व चुकीचं होतं म्हणून नव्हे. तडजोड लोकांना न विचारता झाली म्हणून. त्या दाखल्यावरून जबाबदारी पातळ करू नका, एवढीच विनंती.

गारोन:
मी फ्रान्समध्ये तुलूझला राहते. इथे २१ सप्टेंबर २००१ ला शहराच्या कडेच्या खत कारखान्यात अमोनियम नायट्रेटचा साठा फुटला. एकतीस माणसं गेली, हजारो जखमी झाली. इथेही भांडण अगदी हेच होतं, आधी कोण आलं? २००३ मध्ये कायदा झाला आणि त्यांनी तो वाद बाजूला ठेवला. मोठ्या धोक्याच्या प्रत्येक कारखान्याभोवती नकाशावर पट्टे आखायचे. सगळ्यात आतल्या पट्ट्यातली घरं विकत घ्यायची आणि त्याचा खर्च सरकार, स्थानिक संस्था आणि कंपनी यांनी वाटून घ्यायचा. भट्टीवाले म्हणतात ते यातच बसतं.

मोगरा:
गारोनताई, नकाशावरचे पट्टे मला हवेतच. पण खर्च वाटून घ्यायचा म्हणजे अर्धा पैसा आमच्याच करातून जाणार. काचाही आमच्या, कर्जाचे हप्ते आमचे आणि भरपाईसुद्धा आमच्याच खिशातून? ज्या अधिकाऱ्याने आराखड्यात रेघ चुकीची ओढली तो निवृत्त होऊन पेन्शन घेत असेल. भट्टीवाले काका, तुमच्या परवानगीच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. पण तो मुद्दा कंपनीच्या जबाबदारीत भर घालणारा आहे, तिच्यातून काही वजा करणारा नाही.

तिसरी पाळी:
एवढं वाचलं. आधी कोण आलं यात आमचा विचार कुणीच केला नाही. आम्ही रोज येतो. बारा वर्षं रिअॅक्टरवर, म्हणजे रसायनं बनवायच्या भांड्यावर, हेल्पर, मग ऑपरेटर. स्फोट झाला तर काच येणार किलोमीटरवर, पण पहिल्या दहा मीटरमध्ये आम्ही असतो. मी जिथे होतो तिथे ठेकेदाराचा वेल्डर यायचा. बाजूच्या टाकीत काय आहे त्याला माहीत नसायचं, मलाही अर्धंच माहीत. हॉट वर्कचं, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाचं, परमिट संध्याकाळी मागच्या तारखेने भरायचे. तापमान चढायला लागलं की सुपरवायझरला फोन, तो घरी झोपलेला. बॅच सोडून पळालो तर नोकरी जाणार, थांबलो तर जीव. हे कुणा एकाच्या वाईटपणामुळे होत नाही, माल वेळेत द्यायचा असतो म्हणून होतं. अपघातानंतर चौकशीत "मानवी चूक" लिहिलं की ती चूक आमच्या नावावर बसते, आणि आम्ही उत्तर द्यायला नसतो.

भट्टीवाला:
दादा, मागच्या तारखेने परमिट भरायचं ही गोष्ट मी माझ्या शेडमध्ये होऊ देत नाही. पण ती होते, हे मला माहीत आहे आणि मी आजवर आमच्या असोसिएशनच्या बैठकीत उभं राहून ती बोललो नाही. ते माझं चुकलं.

मोगराताई, माझ्या गेटवर घातक कचऱ्याचा फलक आहे, आकडे जुने झालेत. या आठवड्यात बदलतो, आणि साठ्याची यादी तुमच्या सोसायटीला पाठवतो. कंपनीच्या पूर्ण जबाबदारीवर मात्र आपलं जमणार नाही. परवानगी देणारा मोकळा सुटतो तोवर मी एकट्याने गुन्हेगार व्हायला तयार नाही.

मोगरा:
यादी पाठवा काका. बाकीचं भांडण आपण चालू ठेवू.

तिसरी पाळी:
यादी पाठवाल तेव्हा एक प्रत ऑपरेटरच्या खोलीत पण लावा. मराठीत आणि हिंदीत. आमच्याकडे ती इंग्रजीत होती आणि कपाटाला कुलूप होतं.