लाड, लळा आणि लळीत

‘लाड’ फारसीतून आला, हे मत मला पटत नाही. संस्कृतात ‘लल्’ म्हणजे खेळणं, बागडणं. त्याचं प्रयोजक रूप ‘लालयति’, म्हणजे लाड करणं. ‘लालनपालन’ तिथलंच. ल आणि ड यांची अदलाबदल आपल्याकडे जुनीच, ‘डलयोरभेदः’ असं वचनच आहे. लडिवाळ, लळा हेही त्याच गोतावळ्यातले.

पण छटा बघा. लळा आपोआप लागतो, लाड कुणीतरी करावे लागतात. आणि पुरवावेही लागतात! अति झाले की माणूस लाडावतो, मग लाडोबा होतो. आमच्या सिंधुदुर्गात ‘लाडाचो झील’, म्हणजे लाडाचा मुलगा, म्हटलं की त्यात माया किती नि टोमणा किती, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं. ‘कवतिक’चंही तेच.

कोकणात नि गोव्यात उत्सवाच्या शेवटी सोंगं आणून करतात ते ‘लळीत’, तेही ‘ललित’वरून, म्हणजे याच धातूचं. तिथे अर्थ खेळाकडेच राहिला, मायेकडे वळला नाही.

‘लाड’ आडनाव मात्र यात ओढू नका. ते लाट देशाशी, म्हणजे दक्षिण गुजरातशी जोडलं जातं.